फणसातून आलेला झेल

बाबली, हे वाचताना हातातली कपबशी खाली ठेव. क्रिकेटचा विषय निघाला की तुझे हात आवरत नाहीत. मागच्या वेळी माझी चांगली साडी कामातून गेली.

तुझ्याबद्दल लिहायचं तर फणसापासूनच सुरुवात करायला हवी. सव्वीस वर्षांपूर्वी कट्ट्याच्या मळ्यात टेनिस बॉलची सेमीफायनल झाली, तुमची खालची वाडी विरुद्ध महादूची वरची वाडी. शेवटचा बॉल, दोन रन हवे. तू उंच मारलास. बॉल कडेच्या फणसात शिरला आणि खाली महादूने झेलला. अंपायरने बोट वर केलं. त्या दिवसापासून तू 'आऊट बाबली'. सुतार चांगला आहेस, अर्ध्या गावाचे दरवाजे तुझ्या हातचे. पण लोक पाहुण्यांना दाखवतात ते, "ह्यो दरवाजो आऊट बाबलीचो," म्हणून. परवा शाळेत तुझ्या नातवाला 'आऊटचो नातू' म्हणाले, तेव्हा तू जेवला नाहीस.

टपरीवर महादू रोज तुझ्यासमोरच बसतो.

"बॉल फणसाक लागलो. पान पडला, मी बघितलंय," तू म्हणतोस.

"पान वाऱ्यान पडला."

"मे महिन्यात भर दुपारी वारो खंयसून इलो? बाई, तुमी सांगा," तू मला मध्ये ओढतोस.

"बरा, लागलो म्हण," महादू चहा फुंकत म्हणतो. "झाडाक लागलो तर दोन रन, ह्या ठरलेला. लागान कोणी झेललो तर काय, ह्या तुमी खंय ठरवलेला?"

ते मात्र खरं. नियम करताना तुम्ही विहिरीचा विचार केलात, बाबूच्या म्हशीचासुद्धा केलात. झेलाचं कोणाला सुचलं नाही. आता साक्षीदार म्हणाल तर इतके निघालेत की मळ्यात मावले नसते. त्यातले निम्मे तेव्हा जन्मायचे होते. मी हजर होते, पण माझ्यासमोर शेजारच्या सावित्रीची छत्री होती.

शेवटी तूच म्हणालास, देवीक कौल लावया. देवीच्या अंगावर कळ्या लावायच्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. महादू कबूल झाला, पण गावच्या देवळात नको म्हणाला. "थंयचो गुरव तुझो मेवणो." म्हणून माझ्या माहेरची, धामापूरची देवी ठरली. तिला दोन्ही वाड्यांचं काही देणंघेणं नाही. मी तिथल्या गुरवांना फोन केला.

"प्रश्न एकच आणा, बाई," ते म्हणाले. "आणि नियमाचो नको. देवी अंपायर नाय."

बॉल फणसाला लागला की नाही, एवढंच विचारायचं ठरलं. मग तू हळूच म्हणालास, "डावी पडली तर?"

"तर मरेपर्यंत आऊट. आज निदान अर्धो गाव तुझ्या बाजून आसा," मी म्हटलं.



पहिल्या मंगळवारी मी स्टँडवर फुलांची पुडी घेऊन उभी, आणि तुझा निरोप आला, गुडघो दुखता. पुढच्या मंगळवारी कोणाच्या तरी चौकटी बसवायच्या निघाल्या. त्याच्या पुढच्या मंगळवारी तू आलास खरा, इस्त्रीचा शर्ट घालून. धामापूरची एसटी लागली. माझा एक पाय पायरीवर, तेवढ्यात टपरीवरून महादूची हाक आली, "रे आऊट, जातंस मा?"

तू तडक त्याच्यासमोर जाऊन बसलास. "बॉल फणसाक लागलो," तू म्हणालास, आणि कंडक्टरने घंटी दिली. मी पाय खाली घेतला. धामापूरला आपण अजून गेलेलो नाही.