रविवारपुरते बरे

आर्वीला आमच्या शेजारचे काकाजी बायको गेली आणि लगेच अंथरुणाला खिळले. तिच्या दुखण्यात घरीच राहायला ठेवलेली बाई तेव्हा पिशवी भरून निघाली होती. "माये गुडघे काम नाई करून राह्यले," काकाजी खाटेवरून म्हणाले. बाई थांबली. अर्धी पेन्शन तिच्या पगारात जाते.

रविवारी ती गावी जाते. त्या दिवशी काकाजी भाजीबाजार करतात, गच्ची झाडतात आणि संध्याकाळी फाटकाशी एसटीची वाट बघत उभे राहतात. ती कोपऱ्यावर दिसली, की लगबगीने आत जाऊन खाटेवर पडतात.

परवा ती कोपऱ्यावरून आली ती आमच्याच अंगणात टेकली. घरी जात नाही का, मी विचारलं.

"जाईन ना," ती म्हणाली. "आधी पांघरून तं घेऊ द्या त्याह्यले."