दाजींचं पान

निपाणी, शके १८४१, सर्वपित्री अमावास्या. हजर : माझी आक्का, तिची सासू, चिकोडीच्या कोर्टात कारकून असलेला तिचा दीर, शिधा घ्यायला आलेले भटजी, मागाहून आलेल्या शेजारच्या कानडी काकू आणि मी. आक्काचे यजमान, म्हणजे माझे दाजी, लढाई संपून वर्ष होत आलं तरी बसऱ्याहून परतले नव्हते. त्यांना कुठल्या यादीत धरायचं, यावरून त्या दिवशी जे झालं ते लिहून ठेवतो.

पलटणीकडून इंग्रजीत कागद आला होता. दिराने तो सर्वांना वाचून दाखवला होता. ‘मिसिंग’ एवढाच त्यात मजकूर.

“म्हंजे मेला का?” सासूने विचारलं.

“तसं लिव्हलं न्हाय. सापडंना, एवढंच.”

“तुझ्या कोर्टात असलं काय आलं तर काय करत्यात?”

“तहकूब करत्यात. पुढची तारीख देत्यात.”

“मग घे की तारीख!” म्हातारी म्हणाली, आणि हसता हसता रडायला लागली.

पळसाच्या पत्रावळ्या मी गुंजीहून नेल्या होत्या. तिथल्या शाळेत मी मास्तर होतो, आणि मोजून, वर एक जादा धरून नेण्याची माझी सवय घरात सगळ्यांना ठाऊक होती. पितरांची पानं भिंतीशी मांडली, जेवणाऱ्यांची समोर. मांडून झाल्यावर सासूने पितरांच्या ओळीत एक पान वाढवलं.

“हे कुणाचं?” आक्काने विचारलं.

“माझ्या लेकाचं. मेला असंल तर उपाशी फिरत असंल गं. वर्षातनं एकदा तरी घास नको?”

“आणि जिते असले तर? जित्या माणसाला मेल्यांच्यात वाढायचं?”

सगळ्यांनी भटजींकडे पाहिलं. त्यांनी शास्त्र सांगितलं : बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची, मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा. तोवर पितरांत नाव घेता येत नाही.

“तोवर त्यानं खायचं काय?” सासूने विचारलं. शिध्याचं गाठोडं उचलून भटजी गेले.

आक्काने ते पान उचललं आणि जेवणाऱ्यांच्या ओळीत, माझ्या शेजारी आणून ठेवलं. भात, आमटी, वडे, खीर सगळं वाढलं. सासूने डोकं धरलं. आम्ही जेवून उठलो. ते पान तसंच राहिलं. पितरांचं नव्हे, म्हणून कावळ्याला घालता येईना. धन्याचं, म्हणून दुसऱ्या कुणाला देता येईना. खिरीवर माश्या बसायला लागल्या. दीर म्हणाला, “वहिनी, काय तरी ठरवा.” आक्का भिंतीला टेकून पानाकडे बघत होती.

एवढ्यात कानडी काकू आल्या. त्यांच्यात असलं श्राद्ध नसतं. त्यांनी सरळ विचारलं, “यारदु?” कुणाचं?

“अवरदु,” आक्का म्हणाली. त्यांचं. “इन्नू बंदिल्ल.” अजून आले नाहीत.

“हंगंद्र मुच्चिडु.” मग झाकून ठेव. आणि काकूंनीच वेताची बुट्टी आणून पानावर पालथी घातली. बाजाराला गेलेल्या नवऱ्याचं जेवण झाकावं, तितक्या सहज.

दुसऱ्या दिवशी अन्न आंबलं. आक्काने ते स्वतः उकिरड्यावर नेऊन पुरलं.

तेव्हापासून कुणीही विचारलं तरी, विचारणारा मराठी असला तरी, आक्काचं उत्तर कानडीत : इन्नू बंदिल्ल. आमच्या भाषेत लोक ‘अधांतरी’ म्हणत, आणि ते ऐकलं की ती उठून जाई.

घराने त्याचा कायदा करून टाकला. कासार आला की सासू दारातून सांगायची, “असल्याली फोडायची न्हाईत, फुटल्याली भरायची न्हाईत.” आक्का भल्या घरची सून, पण पोटासाठी तंबाखूच्या वखारीत जाऊ लागली होती. तिथल्या कामात काकणं एकेक करून गेली. हळदीकुंकवाला तिला कुणी बोलावत नसे आणि तिच्या कपाळाचं कुंकूही कुणी पुसत नसे. तिच्यापुढे ताट धरावं की नाही हे बायकांना कळत नसे, म्हणून ती समोरून आली की त्या वाट बदलत. विधवा झालेल्या शेजारणीजवळ बायका निदान बसून रडल्या. हिच्याजवळ कुणी बसलं नाही.

बारा वर्षं झाली तेव्हा दिराने विषय काढला. आक्का वखारीतून नुकती आली होती, खोकत होती. “बघू,” एवढंच म्हणाली. सासू त्यानंतर गेली. मरताना तिने माझा हात धरून सांगितलं, “मास्तर, माझ्या लेकाचं तेवढं उरकून घ्या.” मी होय म्हणालो.

आता आक्काचे केस पिकलेत. दोन्ही हात रिकामे आहेत, कपाळावर कुंकू आहे. खोकला छातीत उतरलाय. वैद्य म्हणतात, हा पावसाळा कठीण आहे. तिच्याआधी दाजींचं उरकलं नाही, तर तिला सवाष्ण म्हणून न्यायचं की कसं, हे घरात कुणालाच सांगता येत नाही. भटजी वारले, त्यांच्या मुलाला विधी येतो. गेल्या आठवड्यात मी तिला विचारलं. ती होय म्हणाली नाही, नकोही म्हणाली नाही. कूस बदलून पडून राहिली.

दर्भ आणून ठेवलाय. भटजींच्या मुलाला सांगावा धाडायचा राहिलाय.