सोड, दाव्या

"काका, बाबा गेले," दावीदच्या रूथनं फोनवर सांगितलं आणि मी विचारलं, "कुठं?" पण हा माझा सगळ्यात मोठा मूर्खपणा नव्हे. तो चार दिवस आधीच करून झाला होता...

दावीद आणि मी एकाच तालमीतले. तो पैलवान झाला. मी त्याच्या खुराकातले बदाम चोरून नुसता गप्पिष्ट झालो. आमच्या गल्लीवर तेव्हा एका गुंडाचं राज्य होतं. त्याच्याविरुद्ध तक्रार लिहून द्यायची हिंमत गल्लीतल्या एकट्या शालनवहिनीनं केली, म्हणून त्यानं तिला भर चौकात केस धरून फरफटत नेलं. पोलीस पानपट्टीवर उभे होते. दावीदनं पुढं होऊन त्याची मान बगलेत धरली. आणखी एक पीळ, की संपलंच असतं. मी कुठं होतो? दुधाच्या गाडीमागं. तिथनंच बोंबललो, "सोड, दाव्या, सोड!"

त्यानं सोडलं. माझ्यामुळं खून टळला म्हणून मी गल्लीभर मिरवलो. पंधरा दिवसांनी शालनवहिनीचं प्रेत कळंब्याच्या तलावात सापडलं. त्या गुंडाविरुद्ध साक्षीदार कुणीच मिळाला नाही.

नाताळाच्या केकच्या आशेनं मी दरवर्षी त्याच्याबरोबर चर्चला जायचो. प्रभूच्या प्रार्थनेत क्षमा मागायच्या ओळीला 'सोड' हा शब्द येतो. त्या शब्दाशी दावीदचे ओठ मिटायचे आणि उजवी मूठ बाकाच्या कडेवर घासत राहायची.

शेवटी दवाखान्यात तो म्हणाला, "मारला असता तर मी खुनी. न्हाय मारला, तर वहिनी गेली. कुठला हिशेब देऊ प्रभूला? पर लेका, तवा तुझ्या तोंडनं त्योच बोलला, एवढ्या एका गोष्टीवर जगलोय बघ."

मला जड बोलणं सोसत नाही. मी म्हणालो, "कसला प्रभू! खुनाच्या साक्षीला माझं नाव येईल म्हणून वरडलो की मी!"

वाटलं, हसेल. खरं तेच सांगितलं होतं...

"व्हय?" एवढंच म्हणाला आणि भिंतीकडं वळला. मग माझ्याशी बोललाच नाही.

परवा त्याच्या स्मरणार्थ उपासना झाली. रूथनं मला मुद्दाम त्याच्या जागेवर बसवलं. "बाबांना तुम्हीच सगळ्यात जवळचे," म्हणाली. बाकाची कड मुठीखाली गुळगुळीत झालेली. प्रार्थना सुरू झाली, तो शब्द आला, सगळी मंडळी एका सुरात म्हणाली. मीही तोंड उघडलं, नेहमी नको तिथंच उघडणारं... आवाज फुटला नाही.