रडली की नाही

बाळाला न्हाऊ घालायच्या पाण्यात ती आधी कोपर बुडवायची आणि डोळे मिटायची. एखादी आजी बोट घालून म्हणाली, "अगं, गार आहे हे," की लगेच म्हणायची, "तुमको कौन नहला रहा? तुला गार, बाळाला गरम. दोन्ही खरं."

जुन्या नाशकात आमच्या गल्लीच्या तोंडाशी बाळंतपणाचा लहानसा दवाखाना होता. ही तिथली आया. सगळी गल्ली तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायची. नाव मी कधी विचारलं नाही.

बापाच्या आईला बाळ दाखवताना म्हणायची, "नाक तुमचंच." आईची आई आली की, "नाक तर तुमच्याकडचं." बक्षिसाचं लुगडं दोन्हीकडून घ्यायची. एकदा दोन्ही आज्या एकदमच आल्या. खालाने बाळाचं नाक दुपट्याने झाकलं. "सर्दी झालीय. उद्या या."

हसा, मीसुद्धा हसायचो. आपल्या घरात येईपर्यंत हसूच येतं.

नव्वद सालाच्या पुढेमागे आमचं तिसरं झालं. मुलगी. मी बाहेर बाकड्यावर होतो. खाला आली, पदराला हात पुसत म्हणाली, "भाऊ, रडलीच नाही." गाठोडं घेतलं, गोदावरीच्या, आमच्या गंगेच्या, वरच्या अंगाला पुरून आलो. माझ्यापुरतं ते तिथं संपलं.

बायको घरी आली ती सांगतच. "रडली. एकदाच, बारीक. मी ऐकलं."

"तुला गुंगी होती."

"खालाला विचारा. तीपण हो म्हणाली."

तिथून पुढे कुणी विचारलं, मुलं किती, की मी म्हणायचो दोन आणि ती म्हणायची तीन. एकाच दारात उभं राहून. थोरल्याने इंदिरानगरात फ्लॅट घेतला, तिथल्या शेजारणींनाही तीनच. पोरं खाली बघायची. "मेलेलं जन्मलं त्याला मोजत नाहीत," मी ओरडायचो. ती भाजी चिरत म्हणायची, "मेलेली जन्मली नाही. जन्मली, मग मेली." तिचं आईपण तेवढ्यावर अडलं होतं. ते माझ्याच्यानं देववलं नाही, कारण मला दुसरं सांगितलेलं होतं.

खालाला रस्त्यात गाठून किती वेळा विचारलं. "एकाला रडली, एकाला नाही. खरं काय?"

"तुला तुझं, तिला तिचं. कशाला उकरतो, भाऊ?"

मी चारच बुकं शिकलेला माणूस. पण एवढं मला कळतं की कुणी बघायला असो नसो, गंगा वाहतेच. पोर एकतर रडलं, नाहीतर नाही रडलं. ते आईच्या मनावर नसतं, बापाच्या नसतं, आणि आयाच्या तर नाहीच नाही.

बायको गेली. दहावं झाल्यावर खाला काठी टेकत जिना चढून आली. मी चहासुद्धा विचारला नाही.

"आता दुखायला कुणी उरलं नाही. बोल."

तिने काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाली, "मी खोलीत नव्हतेच, भाऊ. डॉक्टरबाईंनी गरम पाण्याला पाठवलं होतं. आले तोवर सगळं होऊन गेलेलं. बाई म्हणाल्या, बाहेर सांग, रडली नाही. तुला सांगितलं. ती म्हणाली, रडली ना? तिला हो म्हटलं."

"बाईंनी खरं सांगायला लावलं की सोयीचं?"

"मला काय माहीत? बाईंना जाऊन जमाना झाला."

म्हणजे ऐकलं असेल तर माझ्या बायकोने. तिला आता कुठून आणू? दोन्हीकडे दोन खरी वाटून ही बाई मोकळी झाली होती, आणि तिच्या हातात एकही नव्हतं. मी म्हटलं, "ऊठ. परत या घरात येऊ नको." ती थांबत थांबत जिना उतरली. मी दार लावलं.

परत आली नाही. पुढच्या उन्हाळ्यात ती गेल्याचं कळलं. का कोण जाणे, मी कबरस्तानात गेलो. सगळे माती टाकत होते, मीही रांगेत लागलो. पुढे एक टोपीवाला म्हातारा होता, त्याने वळून विचारलं, "तुमच्या कोण लागत होत्या?"

"माझ्या मुलीच्या वेळी होत्या."

"अच्छा." तो भला माणूस होता, हसला. "मुलगी कुठे दिली?"

माझा नंबर आला. मूठभर माती टाकली आणि बाजूला झालो. मागच्याला जागा हवी होती.