पेरूवालीचा अर्ज

आमचं स्टेशन आता ओळखू येत नाही. पूर्वी लाल विटांची बैठी इमारत होती, तिकिटाची एकच खिडकी, लोखंडी पूल आणि दोन नंबरच्या फलाटावर कडुनिंबाखाली एक नळ. आता सगळीकडे काच आहे, सरकता जिना आहे, आणि नळ होता तिथे लिफ्ट आहे. त्या नळापाशी पेरूवाली बसायची.

लग्न होऊन गाझियाबादला आले तेव्हा मला हिंदीचं एक वाक्य येत नव्हतं. चौथीपर्यंत शिकलेली, त्यात बोलायला भिणारी. पहिल्याच आठवड्यात हे मला दिल्ली दाखवायला निघाले. शटल आली, हे चढले, गर्दीने मला मागे लोटलं आणि गाडी गेली. मी नळाला धरून रडत उभी राहिले. पेरूवालीने मला ओढून आपल्या पोत्यावर बसवलं, पेरू कापून तिखटमीठ लावून दिला, आणि कुणी उगाच जवळ घुटमळला की त्याला शिव्या देऊन हाकललं.

हे परतीच्या गाडीने आले. आल्या आल्या म्हणाले, "भिकाऱ्यांत बसलीस? ऑफिसातल्या कुणी पाहिलं असतं म्हणजे?"

तिने हसून त्यांच्यापुढेही एक फोड धरली. त्यांनी घेतली नाही.

पुढे वीस वर्षं, संध्याकाळची भाजी घेतली की मी तिच्यापाशी बसायची. यांची शटल दिसली की उठायचं आणि पुलाखाली जाऊन उभं राहायचं, म्हणजे यांना कळत नसे. हिंदी मी तिच्याकडूनच शिकले. इथे माझं असं तेवढंच एक माणूस होतं.

मग स्टेशन पाडायला घेतलं. जुन्या विक्रेत्यांनी अर्ज द्यावेत, मंजूर होतील त्यांना नव्या इमारतीत जागा मिळेल, असं सांगण्यात आलं. बाकीच्यांनी बाहेरच्या लिहिणाऱ्याकडून अर्ज लिहून घेतले. त्याने सगळ्यांचं एकच लिहिलं : परवाना होता, पुरात वाहून गेला.

पेरूवाली मला म्हणाली, "बहू, तेरे साहब तो दफ्तर में यही काम करते हैं. उन्हीं से लिखवा दे. पक्का काम होगा."

यांना विचारायला मला आठ दिवस लागले. नाही म्हणतील असं वाटलं होतं, पण रविवारी जेवण झाल्यावर हे कागद घेऊन बसले.

"परवाना आहे का तिच्याकडे?"

"नाही. पण बाकीच्यांनी लिहिलंय, पुरात..."

"बाकीच्यांचं मला सांगू नकोस. सरकारी कागदावर मी खोटं लिहीत नाही."

ते खरंच आहे. ऑफिसची साधी पेन्सिलही यांनी कधी घरी आणली नाही.

अक्षर मोत्यासारखं. मी मागे उभी राहून एकेक अक्षर लावत वाचलं. 'प्रार्थी बीस वर्षों से बिना अनुमति के यहाँ बैठती आ रही है.' चौथीच्या पोरालाही कळेल असं वाक्य होतं.

"अहो, हे बिना अनुमति..."

"काय?"

"काही नाही."

"चौथी पास बाई आता मला ड्राफ्टिंग शिकवणार!"

मुलगी मोबाइलमधून मान वर करून म्हणाली, "बिल्कुल, बाबा! आई तुमची बॉस!" सगळे हसले. मीही हसले.

दुसऱ्या दिवशी पेरूवाली म्हणाली, "पढ़ के सुना." मी सगळा अर्ज वाचला, तेवढे दोन शब्द सोडून. तिने कागद कपाळाला लावला आणि अंगठा उठवला. यांच्यासाठी पिशवीभर पेरू दिले. यांनी या वेळी खाल्ले. "गोड आहेत हं," म्हणाले.

पुढच्या महिन्यात एक साहेब फलाटावर टेबल टाकून बसला. तिची पाळी आली तेव्हा मी गर्दीत मागे होते. त्याने कागद वाचला आणि हसायलाच लागला.

"अम्मा, तुमने तो खुद लिख के दिया है कि बिना अनुमति बैठती हो. अब मैं क्या करूँ? चलो, अगला!"

रांग खिदळली. केळीवाला ओरडला, "हरिश्चंद्र की नानी आई है!" त्याला पुढे काचेचा स्टॉल मिळाला. ती वळून मला शोधायला लागली. मी खांबाआड झाले.

घरी सांगितलं तर हे म्हणाले, "मग? खोटं काय लिहिलं मी?" आणि भात मागितला.

चार दिवसांनी ती बाहेर रिक्षांजवळ उन्हात बसलेली दिसली. रस्ता तोच, चुकवता येईना.

"बहू, तूने तो पढ़ के सुनाया था."

तिनेच शिकवलेल्या हिंदीत मी म्हणाले, "मैं तो चौथी पास हूँ, अम्मा. मुझे ठीक से पढ़ना कहाँ आता है."

 ती पेरू पुसायला लागली.

परवा नव्या जिन्याखाली कुणीतरी फेरीवाल्यांना छापील कागद वाटत होतं. तिच्या शेजारच्या शेंगदाणेवालीने तो कागद माझ्यापुढे धरला, "बहनजी, जरा पढ़ दो."

पेरूवालीने तो माझ्या हातात पडायच्या आधीच काढून घेतला.

"इसे मत दे," ती म्हणाली. "इसे पढ़ना नहीं आता."