किल्ल्याच्या तटावरच्या रेघा
अन्याय झाला तो आमच्या गावच्या म्हाताऱ्या मच्छीमारावर, गेल्या नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. होडीच्या रंगाचा वास आला की आठवतं. पौर्णिमेची भरती किल्ल्याच्या तटावर जिथवर चढे, तिथे तो दरवर्षी होडीच्या रंगाने रेघ मारायचा, आणि रेघा वर वर सरकत चालल्या होत्या. त्या पौर्णिमेला किल्ल्याच्या पाहणीला आलेले साहेब, किल्ला वाचवा म्हणून मी छापलेलं पत्रक खिशात कोंबून त्या रेघांपुढेच थांबले. “गो, तुझो कागद विरघळता, माझी रेघ ऱ्हवता,” म्हातारा हसला. मी जळले. दुसऱ्या दिवशी सकाळी तट घासायला आलेल्या सफाईवाल्याने विचारलं, “ताई, ह्यो रेघो कामाच्यो आसत काय?” मी ‘नाही’ म्हटलं, आणि त्याने सगळ्या रेघा घासून काढल्या. आता समुद्र किल्ला गिळतोय असं मी पत्रकात छापते, पण दाखवायला पुरावा उरलेला नाही. यंदा पौर्णिमेला तटाखाली या आणि त्याच्या नव्या रेघेचा फोटो तुम्ही काढून ठेवा. माझ्या भरवशावर राहू नका.