कट्टा गप्प राहिला

पुण्यात पिशवीतलं दूध तापवताना मला हमखास कोल्हापूरच्या गंगावेशीतला दूधकट्टा आठवतो. मुरगूडहून शिकायला आलेला मी रोज संध्याकाळी तिथं असायचो. समोर म्हैस उभी, धार थेट ग्लासात आणि ओठांवर फेसाच्या मिशा. खऱ्या मिशा तेव्हा धड आल्या नव्हत्या.

मी गणपतअण्णांच्या माडीवर भाड्यानं राहायचो, त्यामुळं दूध त्यांच्याकडंच प्यायचो. पण त्यासाठी धीर लागायचा. अण्णा म्हशीची कास धुवायचे, हात धुवायचे, मग पुन्हा कास. म्हैस पहिल्या धुण्यालाच पान्हा सोडायची, अण्णा धारेला बसेपर्यंत दूध आत चोरूनही घ्यायची. मग ते विचारायचे, "स्वच्छ हाय न्हवं?" अख्खा कट्टा ओरडायचा, "चकाचक हाय की, अण्णा!" क्षणभर त्यांना बरं वाटायचं. मग पुन्हा बादली.

दूध घटलं, गिऱ्हाईक पांगलं. त्यांची बायको बायडाबाई कडाडली, "पाणीच इका आता! दिवाळीपतोर सुधारला न्हाईसा तर म्हशीला बाजार दाखवते." अण्णांचं तोंडच उतरलं. म्हैस गेली तर कट्टाही गेला.

शेवटी लेक राजनंदिनी त्यांना मनाच्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेली. सोबत मीही गेलतो.

बाई म्हणाल्या, "काम झालं की मेंदू 'बास' म्हणतो. तुमच्या मेंदूचा पुढचा भाग आणि आतला खोल भाग यांच्यात धोक्याचा निरोप नुसता फिरत राहतो. 'बास' पोचतच नाही. काही अंशी हे रक्तातूनही येतं."

"आमचा बा कुलूप वडून वडून बघायचा," अण्णा हळूच म्हणाले. "म्हंजे बाधा न्हाय? माझा हेकेखोरपणा बी न्हाय?"

"नाही, आजार आहे. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतील. सोबत सराव करायचा. एकदाच धुवायचं, मन कितीही ओरडलं तरी बसायचं. आणि बाकीच्यांनी 'स्वच्छ आहे' म्हणायचं नाही. त्यानं आजाराला खुराक मिळतो."

म्हणजे इतकी वर्षं आम्ही मोठ्या प्रेमानं अण्णांच्या आजाराला पेंड चारत होतो!

दिवाळीच्या तोंडावरची संध्याकाळ. बायडाबाई मुद्दाम बघायला आलेली. अण्णांनी कास एकदाच धुतली. हात बादलीकडं गेला, मागं आला. ते बसले. धार वाजली. भरलेला ग्लास माझ्या हातात देऊन त्यांनी विचारलंच, "स्वच्छ हाय न्हवं?"

कट्टा गप्प. कोल्हापूरकरांना हे किती जड गेलं असेल! एका पैलवानानं तर स्वतःच्या तोंडावर हात दाबला. अण्णांना घाम फुटला. एकेकाच्या तोंडाकडं बघता बघता हात पुन्हा बादलीकडं सरकला.

मी ग्लास एका दमात संपवून पुढं केला. "अण्णा, अजून एक."

त्यांनी बादलीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "लाज हाय का रं? म्हस आटवतोस काय?" म्हणत ते पुन्हा धारेला बसले.

बायडाबाई जायला उठली. "येताना सरकीचं पोतं आणा," ती म्हणाली. "घरात मूठभर बी न्हाय."

विकायच्या म्हशीला कोण पोतंभर सरकी आणतं?